पथ्याच्या कागदाचं कूळ

खालच्या पापणीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना त्याच्या हातात एक कागद दिला जातो. डोक्याखाली दोन उशा घ्या. पहिले दोन दिवस गार घड्या ठेवा. वाकू नका, जड उचलू नका, कुंथू नका. सांगितलेले थेंब आणि मलम चुकवू नका. डोळा एकाएकी जोरात दुखायला लागला, पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसायला कमी झालं, तर मध्यरात्र असली तरी ताबडतोब या. दहा-बारा ओळींचा कागद; घरी गेल्यावर तो औषधांच्या पिशवीत जातो आणि बहुधा तिथंच राहतो. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला मात्र त्या कागदाचंच कूळ सापडत गेलं. त्यातल्या बऱ्याच ओळी कुणाच्या तरी डोळ्यावर बेतल्यानंतर लिहिल्या गेल्या आहेत.

पापण्यांवरच्या शस्त्रकर्मात वरच्या पापणीचं घराणं थोरलं, आणि फार जुनं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ विकार मांडले आहेत. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचत राहतात त्या विकाराला तिथं पक्ष्मकोप म्हटलं आहे आणि त्यावर शस्त्रकर्म सांगितलं आहे. भुवईकडचे दोन भाग आणि केसांकडचा एक भाग सोडून मधली कातडी जवाच्या दाण्याच्या आकारात कापायची, केसाने शिवायची, वर मध-तूप लावायचं. त्यापुढची सूचना मला सगळ्यात विलक्षण वाटते. कपाळाला पट्टा बांधायचा आणि शिवणीची टोकं त्या पट्ट्याला अडकवायची, म्हणजे जखम भरेपर्यंत पापणी हवी तिथंच राहते. आज खालची पापणी सुजेने किंवा व्रणाच्या ओढीने खाली घसरेल अशी शंका आली, तर सर्जन तिच्या कडेला एक टाका घालून त्याचा दोरा भुवईच्या वर चिकटपट्टीने धरून ठेवतात. त्याला फ्रॉस्ट टाका म्हणतात. सुश्रुतापासून फ्रॉस्टपर्यंत सलग परंपरा होती असं मी म्हणणार नाही. जखम भरताना कातडी आकसते आणि पापणीसारखा नाजूक अवयव तिच्यामागे ओढला जातो, हे दोघांनी आपापल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर पाहिलं, एवढं खरं.

रोमच्या सेल्ससने इसवीसनाच्या पहिल्या शतकात वरच्या पापणीची सैल कातडी कापण्याची रीत लिहिली. लगोलग इशाराही दिला की कातडी गरजेपेक्षा जास्त गेली तर डोळा मिटणार नाही. हा इशारा लक्षात ठेवावा. पुढे दोन हजार वर्षं तो पुनःपुन्हा विसरला गेला. बगदादच्या अली इब्न इसाच्या नेत्रग्रंथात शस्त्र न लावता काम साधण्याची युक्ती आहे. पापणीच्या जादा कातडीची चिमट सळ्यांमध्ये आवळून ठेवायची, म्हणजे रक्त न मिळाल्याने ती सुकून गळून पडते. रुग्णाने ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करवत नाही.

हे सगळं वरच्या पापणीचं. तिची कातडी लोंबली तर नजर झाकते, तिचे केस वळले तर बुबुळ पांढरं पडून माणूस आंधळा होतो. म्हणून वैद्यांनी तिथं हात घातला. खालच्या पापणीखाली पिशव्या आल्या तर नजरेला काही होत नाही. त्या फक्त दिसतात. पुरेशी झोप घेऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात, ‘काय हो, बरं नाही का?’ एवढ्यासाठी कुणी सुरीखाली जायचं, तर आधी ती सुरी सोसवेल अशी व्हायला हवी होती. शिवाय चेहऱ्याचं दुःख हेही दुःख आहे असं मान्य करणारा डॉक्टर भेटायला हवा होता. या दोन्ही गोष्टी जमून यायला विसावं शतक उजाडलं.

त्याआधी ही कथा आपल्या पुण्यावरून जाते. १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स तेव्हा इकडेच होता. कावसजीचं चित्रही त्याचंच. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकीगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४मध्ये लंडनला तसं नाक करून पाहिलं, आणि बर्लिनला कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे या सर्जनने तोच नाद घेतला. ग्रेफेचं ‘रिनोप्लास्टिक’ हे पुस्तक १८१८मध्ये निघालं. त्यात इटालियन आणि जर्मन रीतींच्या शेजारी ही भारतीय रीतही आहे. आणि त्याच पुस्तकात ग्रेफेने पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी हे नाव दिलं. त्याच्या मनात तेव्हा रोगाने खाल्लेली पापणी भरून काढणं होतं; देखणेपणाचा त्यात संबंध नव्हता. आज ज्या शब्दाखाली डोळ्यांखालच्या पिशव्या काढतात, तो शब्द पुण्याच्या नाकाची हकीगत सांगणाऱ्या पुस्तकातून आला आहे. शस्त्रक्रिया पुण्याची नाही, पण तिच्या घराण्यातली एक आजी इथली आहे असं म्हणायला हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टर लोक या पिशव्यांकडे निरखून बघू लागले. व्हिएन्नाच्या गेओर्ग बेअरच्या १८१७च्या ग्रंथात सैल पापण्यांचं चित्र आहे. पिशवीत नुसती कातडी नसून चरबी असते, हे १८४४मध्ये सिशेलने नेमकं लिहिलं. डोळ्याचा गोळा हाडाच्या खोबणीत चरबीच्या थरावर टेकलेला असतो. समोरून एक पातळ पडदा ती चरबी आत धरतो. वय वाढलं की पडदा ढिला पडतो आणि चरबी पुढे येते. हे सिशेलला समजलं होतं, तरी पुढची ऐंशी वर्षं बहुतेकांनी कातडीच कापली. का, तर कातडी दिसते आणि चरबी दिसत नाही.

सुरी सोसवेल अशी झाली ती १८८४मध्ये. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावाचा थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा तिथवर जाण्याएवढे पैसे कोलरकडे नव्हते; त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला. काही वर्षांत कोकेनच्या जागी कमी घातक औषधं आली, आणि १९०३च्या सुमारास हाइनरिश ब्राउनने बधिर करायच्या औषधात ॲड्रिनलिन मिसळलं. ॲड्रिनलिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जखमेत रक्त साचत नाही आणि सर्जनला स्वच्छ दिसतं. पापणीच्या शस्त्रक्रियेला हे वरदानच ठरलं. पण त्याचा असर काही तासांनी उतरतो आणि वाहिन्या पुन्हा सैलावतात. रुग्ण तेव्हा घरी पोचलेला असतो. पथ्याच्या कागदावरची पहिली रात्र इथून सुरू होते. तिच्याकडे पुढे येतो.

शिकागोच्या चार्ल्स मिलरने १९०६मध्ये डोळ्यांभोवतीच्या पिशव्या कापण्यावर एक लेख लिहिला आणि १९०७मध्ये केवळ सौंदर्यशस्त्रक्रियेला वाहिलेलं पुस्तक काढलं. खालच्या पापणीच्या केसांखाली चंद्रकोरीसारखी कातडी काढून टाके घालायचे, अशी त्याची रीत. मिलरला कुणी या शाखेचा आद्य पुरुष म्हणतं, कुणी भोंदू. मला त्याचं महत्त्व एवढ्यासाठी वाटतं की त्याने हे काम चोरून केलं नाही, छापून मांडलं. छापल्यामुळे ते तपासता आलं, आणि त्यातलं चुकीचं काय ते पुढच्यांना कळलं.

पण या घराण्यातली माझ्या आदराची व्यक्ती पॅरिसची सुझान नोएल. १८७८चा तिचा जन्म. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेले हजारो सैनिक पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास इस्पितळात येत होते. तिथं इपोलीत मोरेस्तँ या सर्जनच्या हाताखाली तिने चेहऱ्याची शस्त्रक्रिया शिकली. चेहरा गेलेल्या माणसाला घरचे लोकसुद्धा बघायला धजत नाहीत, हे तिने तिथं रोज पाहिलं असणार. युद्धानंतर तिच्याकडे बायका येऊ लागल्या. त्यांतल्या कितीतरी श्रीमंत हौशी नव्हत्या. पन्नाशीला आल्या, चेहरा थकलेला दिसू लागला, म्हणून दुकानातून, कचेरीतून नोकरी जाण्याच्या बेतात होती किंवा गेलीच होती. त्यांत विधवा होत्या, एकट्या होत्या. नोएलने त्यांच्या पापण्यांवर आणि गालांवर छोट्या शस्त्रक्रिया केल्या, स्थानिक भूल देऊन, स्वतःच्या दवाखान्यात. ऐपत नसणाऱ्यांकडून ती नाममात्र पैसे घेई. १९२६च्या तिच्या पुस्तकाचं नावच सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिचं सामाजिक कार्य अशा अर्थाचं आहे. आधीचे आणि नंतरचे फोटो तिने त्यात शेजारी शेजारी छापले. स्वतः ती बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी झगडणारी होती, आणि १९२४मध्ये सोरॉप्टिमिस्ट या नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या संघटनेची पॅरिसची शाखा तिने उभी केली.

आपल्याकडे अजून कुणी ही शस्त्रक्रिया करून घेतली की मागे कुजबुज होते, ‘या वयात हे काय सुचलं!’ मला ही कुजबुज अन्यायाची वाटते. दातांची कवळी बसवणाऱ्याला, केस रंगवणाऱ्याला आपण काही म्हणत नाही. रोज आरशात आजारी दिसणारा चेहरा बघून थकलेल्या माणसाने धोका समजून घेऊन, स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी निर्णय घेतला, तर तो त्याचा हक्क आहे. नवऱ्याने टोमणे मारले म्हणून किंवा मुलीचं लग्न जमेना म्हणून कुणी एखादीला टेबलावर ढकलत असेल, तर मात्र चांगला सर्जन सुरी खाली ठेवतो, आणि त्याने तसंच करावं.

नोएल काम करत होती त्याच शहरात, त्याच १९२४ साली, झ्युलियँ बूर्गे या सर्जनने वैद्यक अकादमीपुढे एक वेगळीच वाट मांडली. बाहेरची कातडी कापायचीच नाही. खालची पापणी खाली ओढायची, तिच्या आतल्या गुलाबी अस्तरातून छेद घ्यायचा आणि पुढे आलेली चरबी तिथूनच काढायची. चेहऱ्यावर व्रण नाही, बाहेर टाके नाहीत. इतकी शहाणी कल्पना, पण तिला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. पन्नास वर्षांनी, १९७५मध्ये टॉमलिन्सन आणि होवी यांनी ती पुन्हा मांडली आणि १९८९मध्ये लॉस एंजलिसच्या बेलिस यांच्या लेखानंतर ती रुळली. सावळ्या कातडीवर व्रण कधी कधी गडद डाग होऊन राहतो, म्हणून आपल्यासारख्यांना या वाटेचा विशेष उपयोग आहे. तरुण रुग्ण असेल, कातडी सैल नसेल, नुसती चरबीच पुढे आली असेल, तर आज बहुधा आतूनच जातात.

१९५१मध्ये लॉस एंजलिसच्या साल्वादोर कास्तान्यारेस यांनी पापण्यांतल्या चरबीचे कप्पे नीट आखून दाखवले. खालच्या पापणीत तीन कप्पे असतात; नाकाकडच्या आणि मधल्या कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो, त्याला धक्का लागला तर एकाचे दोन दिसू लागतात. नकाशा हाती आल्यावर सर्जन धीट झाले. पुढची काही दशकं खालच्या पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे कातडी काढा, चरबी काढा, असाच खाक्या होता. पिशव्या गेल्या. काही वर्षांनी त्याच रुग्णांचे डोळे खोल गेलेले, खोबणीची कड उठून दिसणारे असे झाले. वयाबरोबर गालाचं मांस उतरतं आणि तिथली चरबी घटते. वरची चरबी आपण आधीच फेकून दिलेली. उपचारानेच माणूस अधिक म्हातारा दिसू लागला.

त्याहून वाईट गत झाली ती पापणी घसरलेल्यांची. खालची पापणी ही दोन खुंट्यांना बांधलेल्या झोळीसारखी असते. नाकाकडचा कोपरा एक खुंटी, कानाकडचा दुसरी. वयाने झोळी सैल झालेली असताना तिच्या खालची कातडी कमी केली, तर ती खाली ओढली जाते, बुबुळाखाली पांढरं दिसू लागतं, आणि फारच झालं तर पापणी बाहेर उलटते. डोळा नीट मिटत नाही, अश्रू गालावर सांडतात आणि बुबुळ मात्र कोरडं पडतं. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेल्यावर खालची पापणी अशीच लुळी पडते, आणि त्या उघड्या राहिलेल्या डोळ्याचं काय होतं हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार पाहिलं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांचे चेहरे दुरुस्त करण्याला आयुष्याचा मोठा काळ दिला. एकीकडे रोगाने लुळी पडलेली पापणी वर बांधायची धडपड, दुसरीकडे धडधाकट पापणी हौसेने कापून लुळी करून ठेवायची, हे त्या दशकांत एकाच वेळी चाललेलं होतं. सेल्ससचा इशारा पुन्हा खरा ठरला.

उलटा विचार ब्राझीलमधून आला. साव पावलोच्या राउल लोएब यांनी १९८१मध्ये लिहिलं की पुढे आलेली नाकाकडची चरबी कापून टाकण्याऐवजी खाली सरकवावी आणि पापणी-गालाच्या मधला खड्डा तिनेच भरावा. १९९५मध्ये अमेरिकेतल्या सॅम हॅम्रा यांनी चरबी जपण्याची हीच दिशा पुढे नेली. आज चांगला सर्जन आधी पापणी चिमटीत धरून पुढे ओढतो आणि सोडतो. ती झटकन जागेवर गेली नाही, तर शस्त्रक्रियेत बाहेरची खुंटीही पक्की करतो. कातडी काढलीच तर अगदी थोडी, तीही रुग्णाला तोंड उघडून वर बघायला लावून, म्हणजे पापणीवर जास्तीत जास्त ताण असताना काय परवडेल ते कळतं. डोळे कोरडे पडतात का, थायरॉइडचा त्रास आहे का, हे आधी तपासतो. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी होणारी सूज बहुधा पाण्याची असते. ती शस्त्रक्रियेने जात नाही, हेही तो स्पष्ट सांगतो.

आता ती पहिली रात्र. डोळ्याची खोबण सगळीकडून हाडाची आहे, फक्त समोरून उघडी. आत रक्त साचलं तर त्याला पसरायला जागा नसते. ते डोळ्याची नस आणि रक्तवाहिन्या दाबतं, आणि तासा-दोन तासांत नजर कायमची जाऊ शकते. असा रक्तस्राव सुमारे दोन हजार शस्त्रक्रियांत एखादा होतो, असं २००४मध्ये अमेरिकी सर्जनांच्या पाहणीत दिसलं. नजर जाणं त्याहून फार विरळ. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला मिनिटं मोजावी लागतात. सर्जन भुलेचीही वाट न पाहता टाके उघडतो, बाहेरचा कोपरा मोकळा करतो आणि दाब उतरवतो. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधत नाहीत. रुग्णाला दिसतंय की नाही हे त्याला स्वतःला कळायला हवं. अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघावं. थोडी ठणक, जडपणा, टाके ओढल्यासारखं वाटणं हे ठीक; साध्या वेदनाशामकाने न थांबणारी, एकाच बाजूची, वाढत जाणारी कळ ठीक नाही. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधं, तशीच लसणाच्या किंवा जिंको बिलोबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते सर्जनला आधीच सांगायचं. हृदयासाठी दिलेली गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

वाकायचं नाही याचा अर्थ आपल्या घरांत फार मोठा होतो. केर काढायचा नाही, बादली उचलायची नाही, वाकून नमस्कार करायचा नाही, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही. डोकं खाली गेलं किंवा जोर लावला की पापणीच्या वाहिन्यांतला दाब वाढतो, आणि ॲड्रिनलिनचा पहारा तेव्हा उठलेला असतो. घरात चालणं-फिरणं पहिल्या दिवसापासून चालतं, उलट ते बरंच. गार घड्या स्वच्छ कापडाच्या, दाब न देता, दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर ती बधिर असते आणि गारठ्याने भाजलेलंही कळत नाही. घरातलं कुणीतरी हळद, साजूक तूप, काजळ सुचवेलच. सुश्रुताने मध-तूप लावलं होतं हे खरं, पण आज डॉक्टरने दिलेल्या मलमाखेरीज तिथं काही लावायचं नाही.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. सूज तेव्हा कळसाला असते, आणि पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असल्यामुळे आतलं साकळलेलं रक्त तिच्यातून स्पष्ट दिसतं. बरेच लोक या दिवसांत हताश होतात, नको ते करून बसलो असं म्हणतात. जवळच्यांनी तेव्हा समजूत काढावी, चेष्टा करू नये. काळंनिळं रक्त मग गुरुत्वाने गालावर उतरतं; गाल हिरवा-पिवळा दिसू लागला की घाबरायचं नाही. रक्तातल्या लाल द्रव्याचं विघटन होताना आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य तयार होतं, तेच ते. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर शेवटी तपकिरी छटा उरते आणि ती जायला काही आठवडे जास्त घेते. बाहेरचे टाके पाच ते सात दिवसांनी निघतात. आतून गेलेले असले तर काढायला टाकेच नसतात. दहा-बारा दिवसांनी माणूस कामावर जाण्यासारखा दिसतो.

डोळ्यांना मधल्या काळात बरंच काही होतं. मलमामुळे धूसर दिसतं. ते पुसल्यावर स्वच्छ दिसतं ना, एवढं बघायचं. पापणी नीट मिचकावत नसल्यामुळे डोळा कोरडा पडतो, आणि कोरडेपणामुळेच पाणी येतं. म्हणून पाणी येत असतानाही कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे असतात. हे रुग्णांना पटायला जड जातं. कधी डोळ्याचं पांढरं पाणी भरल्यासारखं फुगतं, जेलीसारखं दिसतं. बाहेरच्या कोपऱ्यातून सूज वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटा शस्त्रक्रियेत बंद पडतात, त्या पुन्हा उघडेपर्यंत हे चालतं; बहुधा थेंबांनी ओसरतं, पण डॉक्टरला दाखवावं. दोन डोळ्यांची सूज सारखी उतरत नाही. झोपायची कूस, चघळायची बाजू, आतलं रक्त, काहीही कारण असतं. कॉन्टॅक्ट लेन्स सुमारे दोन आठवडे नाही, चष्मा चालतो. व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी, सर्जन म्हणेल तेव्हा. सिगारेट ओढणाऱ्यांची जखम उशिरा भरते, म्हणून ती आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत बंद. उन्हात टोपी आणि गॉगल कित्येक महिने हवा, नाहीतर कोवळा व्रण काळा पडतो.

आणि मग धीर. व्रण दीड-दोन महिने गुलाबी राहतो. चरबी सरकवलेली असेल तर खड्ड्याच्या जागी हाताला टणक गाठी लागतात. त्या महिन्या-दोन महिन्यांत मऊ होतात. पापणी किंचित खाली ओढल्यासारखी वाटली, तर सर्जन बोटाने बाहेर-वर ढकलायचा मसाज शिकवतो, आणि तो दिवसातून अनेकदा मनापासून करावा लागतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. घाईने दुसरी शस्त्रक्रिया करून घेणं हा यातला सर्वांत वाईट निर्णय. व्रण मऊ पडेपर्यंत चार-सहा महिने थांबावंच लागतं.

सहा महिन्यांनी शेवटचे फोटो काढतात, आधीच्याच प्रकाशात, आधीच्याच कोनातून. पिशवी गेलेली असते, आणि ती बहुतेकांना पुष्कळ वर्षं परत येत नाही. डोळ्यांखालचा काळेपणा मात्र बऱ्याच जणांच्या फोटोत तसाच असतो. आपल्याकडे तो बहुधा कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो, आईवडिलांकडून आलेला. पिशवीची सावली तेवढी शस्त्रक्रियेने जाते, रंग जात नाही. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी भर उजेडात आरसा घेऊन पिशवीवरची कातडी बोटाने हलके ताणून बघावी. काळेपणा कातडीबरोबर सरकला तर तो रंगाचा आहे, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं असतं, सर्जनकडे नाही.